हाताला काम, कानाला आराम

नवरात्र बसायच्या सुमारास आमच्याकडचा पाऊस हात आखडता घेतो. माती अजून ओली असते, टेकड्यांवर गवत गुडघाभर वाढलेलं असतं, सकाळी नऊपर्यंत हवा सुखाची असते आणि अकरा वाजले की ऑक्टोबरचं ऊन चटके द्यायला लागतं. आवाज, स्पर्श, उजेड, गर्दी या गोष्टी ज्या मुलांना इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात, त्यांना घराबाहेर काढायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात याहून चांगले दिवस नाहीत. पंचाईत अशी, की त्यांना सगळ्यात जास्त त्रासही याच दिवसांत होतो. दांडियाचे स्पीकर, दसऱ्याचा बाजार, दिवाळीचे फटाके, सगळं या दीड महिन्यात. दिवस चांगले आहेत ते वापरायचे आणि आवाजापासून पोराला वाचवायचं, ही दोन्ही कामं एकदम कशी करायची, ते सांगायला मी बसलोय.

मी निवृत्त कामगार. अख्खी नोकरी प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये गेली. राहायला निगडीत, यमुनानगरला. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. नातवाची शाळा आणि थेरपी सूनबाई सांभाळते, आणि तो घराबाहेर पडला की माझ्या ताब्यात असतो. नऊ वर्षांचा आहे. ऑटिझम आहे, बोलतो मोजकं. मी काही डॉक्टर नाही. थेरपीच्या मॅडमकडून जे ऐकलं, वाचून जे समजलं आणि त्याच्याबरोबर हिंडताना जे दिसलं, तेवढंच सांगतो.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. त्यांच्याखेरीज आणखी तीन जाणिवा शरीरात सतत चालू असतात. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते; झोपाळ्यावर बसलं, गोल फिरलं, की तिला खबर लागते. स्नायू आणि सांधे मेंदूला कळवत असतात, की हात कुठे आहे, जोर किती लागतोय. आणि तिसरी आतली जाणीव: भूक, तहान, लघवीला लागणं, छातीत धडधडणं. ही सगळी माहिती मेंदूत नीट जुळली नाही तर मूल गोंधळतं, बिथरतं किंवा सुन्न बसतं, अशी मांडणी ए. जीन आयर्स या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंनी केली. त्यांचं यावरचं पुस्तक १९७२ सालचं. त्यांच्या उपचारपद्धतीचा फायदा कोणाला किती होतो, यावर तज्ज्ञांमध्ये अजून मतभेद आहेत आणि पालकांना ते माहीत असलेलं बरं. म्हणजे कोणी हमखास गुणाची खात्री देऊन पैसे मागितले तर सावध राहता येतं. पण या मुलांना जग वेगळं जाणवतं, याबद्दल आता शंका राहिलेली नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेची निदानाची नियमावली जगभर वापरतात. २०१३ साली तिची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा ऑटिझमच्या लक्षणांमध्ये संवेदना अति किंवा अत्यल्प जाणवणं हेही धरलं गेलं.

माझ्या धंद्यातलं सांगतो. प्रत्येक मोटरला ओव्हरलोड रिले असतो. ठरलेल्या करंटच्या वर गेलं की तो ट्रिप होतो आणि मोटर बंद पडते. आमच्या पोराचा आवाजाचा रिले फार खाली सेट झालाय आणि ओझ्याचा फार वर. मिक्सर लावला तर तो कान झाकून पलंगाखाली जातो. पण दगड उचलायला सांगा, दमत नाही. ट्रिप झालेल्या मोटरवर ओरडून ती चालू होत नाही. आधी लोड उतरवावा लागतो, मग थोडा वेळ थांबावं लागतं.

अशी घरं थोडी नाहीत. २०१८ साली भारतातल्या पाच ठिकाणच्या मुलांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपल्या शेजारचा उत्तर गोवाही होता. दोन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मेंदूच्या वाढीशी निगडित नऊ प्रकारच्या अडचणी तपासल्या होत्या. त्यांत ऑटिझम होता, फिट्स होत्या, ऐकू कमी येणंही होतं. साधारण आठातल्या एका मुलाला यांतली किमान एक अडचण होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि ऑटिझमला स्वतःची जागा मिळाली. तेव्हा बागेत एखादं मूल कान झाकून बसलेलं दिसलं तर ‘लाडावलंय’ म्हणणं आता तरी सोडावं.

आता कामाचं. मॅडमच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो, ‘हेवी वर्क’. ओढणं, ढकलणं, उचलणं, खणणं, पिळणं, चढणं. स्नायूंवर आणि सांध्यांवर असा जोर आला की बऱ्याच मुलांचं शरीर शांत होतं, चित्त थाऱ्यावर येतं. हे ऐकलं आणि मला वाटलं, हे तर आपल्याकडे आश्विन-कार्तिकात पोरं करतातच. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरं काय?

पुण्याकडच्या पोरांना किल्ला सांगायला नको. सहामाही परीक्षा संपली की दगड, विटा, माती, गोणपाट यांची जमवाजमव सुरू. आमच्याकडे यात एक जादाची सोय आहे: लाकडी पॅलेट आणि पुठ्ठ्याचे मोठे खोके. कंपन्यांच्या पॅकिंगचं हे सामान भंगारवाल्याकडे सहज मिळतं. पॅलेटचे खिळे काढून, फळ्या घासून घेतल्या की किल्ल्याला पाया मिळतो आणि सोसायटीची फरशीही घाण होत नाही. आणि माणूस मावेल एवढा खोका आडवा टाकून ठेवला, की तो पोराचा निवारा. गलका वाढला की आत जाऊन बसायचं, वाटेल तेव्हा बाहेर यायचं. त्या खोक्यात कोणी डोकवायचं नाही आणि ‘ये रे बाहेर’ म्हणायचं नाही, एवढा एक नियम मी इमारतीतल्या सगळ्या पोरांना घालून दिलाय. पोरांनी तो मोठ्यांपेक्षा चांगला पाळला.

किल्ल्यातलं काम वाटून देताना अक्कल लावावी लागते. ज्याला चिखल हाताला लागलेला सोसत नाही, त्याला पहिल्याच दिवशी चिखलात हात घालायला लावू नये. दगड वाहणं आधी. मग कोरडी माती चाळणं. मग थापीने माती लिंपणं, मग सुती हातमोजे घालून, आणि उघड्या हाताने सगळ्यात शेवटी. तेही त्याला वाटलं तर. नाही वाटलं तर तो पाण्याची अर्धी बादली नळापासून किल्ल्यापर्यंत आणील. बादली अर्धीच भरायची, कारण ती सांडू न देता आणण्यात तोल, जोर आणि नजर तिन्ही एकदम लागतात. ओझं किती पेलायला द्यायचं, हे मात्र थेरपिस्टला विचारून. फिट्स येणारं किंवा हृदयाचा त्रास असणारं मूल असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

मागच्या दिवाळीत गोणपाट भिजवायचं काम नातवाकडे होतं. पातळ कालवलेल्या चिखलात पोतं बुडवायचं, दोन्ही हातांनी पिळायचं आणि दगडांवर पसरायचं. पिळताना चिखलाचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तो थबकला. हाताकडे बघत राहिला, मग तो ओला हात शर्टावर खालपासून वरपर्यंत जोरात पुसला आणि पुन्हा पोत्याला पीळ द्यायला लागला. परत ओघळ, परत पुसणं. मी फडकं पुढे केलं नाही. पुसण्यातला तो जोरच त्याला हवा होता, हे दिसत होतं. डोंगर उभा राहिल्यावर त्यावर त्याने अळीव पेरले, आणि रोज सकाळी उठल्याबरोबर अंकुर किती आलेत ते तळव्याने चाचपून बघायचा. ओला चिखल लागला की लगेच पुसणारं पोर ओल्या अळिवावर हात फिरवतंय, हे बघून सूनबाईने थेरपीच्या वहीत तशी नोंदच करून ठेवली.

किल्ल्याला जोडून खरा किल्लाही दाखवता येतो, आणि त्यासाठी लोहगडाच्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी सोसायची गरज नाही. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट आहे. १६६० साली शाइस्तेखानाची फौज येऊन बसली, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्याने हा एवढासा कोट दीड महिन्याहून जास्त काळ लढवला. आज तटाबुरुजांचे काही भाग उरलेत. सपाट जमीन, थोडं चालणं, बुरुजाचे खडबडीत दगड हाताने चाचपायला मिळतात. चाकणच्या चौकातला ट्रेलरचा गोंगाट टाळायचा तर सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर जावं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त भरवसा आहे तो भुईमुगावर. शेलपिंपळगावच्या बाजूला माझ्या मेव्हण्याची थोडी जमीन आहे. जूनमध्ये पेरलेला भुईमूग दसऱ्याच्या आसपास काढणीला येतो. जमीन ओलसर असताना वेल बुडाशी धरून ओढायचा. आधी हलत नाही, मग मुळं सुटतात आणि शेंगांचा घोस मातीसकट वर येतो. तो झटकायचा, माती उडते, वेल ढिगावर टाकायचा, पुढचा धरायचा. वाकणं, ओढणं, झटकणं, चार पावलं चालणं, आणि प्रत्येक खेपेला तेच. पुढे काय होणार हे माहीत असणं या मुलांना फार लागतं, आणि शेतातल्या कामात ते आपसूक असतं. पलीकडे रस्त्यावरून कंटेनर जात असतात, पण शेताच्या मध्यावर तो आवाज पसरून सौम्य होतो. नंतर शेंगा उकडल्या जातात, बोटाने दाबून फोडायच्या, खाऱ्या पाण्याची चव. शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, ही खात्री आधीच केलेली असावी.

सगळीच शेतं चालतात असं नाही. सोयाबीनच्या मळणीचा धुरळा अंगाला खाजवतो, मशीनचा आवाजही कर्कश. मावळात भाताची कापणी बघायला लोक मुलांना हौसेने नेतात, इंद्रायणी जातीच्या भाताचा वासही सुरेख येतो; पण भाताचं पातं धारदार असतं. स्पर्शाला हळव्या मुलाच्या हातापायांवर ते नुसतं घासलं तरी दिवस वाया जातो. पूर्ण बाह्यांचा, वापरून मऊ झालेला सुती शर्ट घालावा आणि बांधावरूनच बघावं. नदीचं तर नावच काढू नये. आळंदीजवळ इंद्रायणीवर फेस तरंगतो, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत; पवनाही काही वेगळी नाही. पाण्याशी खेळायचं तर बादली आहे, बागेतला पाइप आहे.

टेकड्यांवर कुसळं असतात, हे शहरात वाढलेल्या आईबापांच्या लक्षात येत नाही. पाऊस ओसरून गवत पिकायला लागलं की कुसळ मोज्यात घुसतं, आणि ज्या मुलाला कॉलरचं लेबलसुद्धा टोचतं त्याला ते काय वाटत असेल! यावर माझा साधा उपाय: पावसाळ्यातले गमबूट दिवाळीपर्यंत माळ्यावर टाकायचे नाहीत. गुळगुळीत रबराला कुसळ धरत नाही. घरी आल्यावर पँटच्या कडा मी आधी स्वतः बघतो.

आमच्या निगडीची दुर्गा टेकडी यासाठी फार सोयीची. झाडी आहे, चढाव बेताचा आहे, पायवाटा आहेत. फक्त नवरात्रात तिकडे फिरकू नये, कारण वर देवीचं मंदिर आहे आणि माणसांची रीघ लागते. दसरा झाला की टेकडी पुन्हा चालणाऱ्यांची होते. नातवाचा बाप फर्स्ट शिफ्टला गेला की आम्ही दोघं साडेसहा-सातला निघतो. पाठीवर त्याचं दप्तर असतं, त्यात पाण्याच्या दोन बाटल्या. ते ओझं त्याचं आहे आणि तो ते मला देत नाही. चढताना बोलायचं नाही, हा आमचा अलिखित करार. वर पोहोचल्यावर तो एका ठरलेल्या झाडाला दोन्ही तळहातांनी रेटतो, अगदी भिंत ढकलावी तसा. लोक बघतात. बघू देत.

ज्याला डोंगर झेपत नाही त्याने आकुर्डी स्टेशनवरून लोणावळ्याकडे जाणारी लोकल धरावी आणि तळेगावला उतरून परत यावं. दुपारच्या रिकाम्या गाडीत खिडकीचा वारा, रुळांचा ठेका आणि ठरलेल्या क्रमाने येणारी देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी ही स्टेशनं. काही मुलांना एवढी सहल पुरते, आणि जी पुरते ती छोटी समजायचं कारण नाही.

सणांतलं सगळंच टाळायला लागतं, असं समजू नका. भोंडल्याकडे बघा. घटस्थापनेपासून कोजागरीपर्यंत पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात. गाणी तीच, चाल तीच, फेर तोच. मायक्रोफोन नसेल तर याहून सोसवणारा कार्यक्रम मला माहीत नाही. आमच्या आवारात आता मुलगेही असतात. ज्याला हात धरवत नाहीत, तो फेराच्या मधे हत्तीजवळ बसतो. आणि खिरापतीचा डबा हलवून, आवाज ऐकून, वास घेऊन आत काय ते ओळखायचं असतं, तेव्हा आमचं पोर पुढे असतं. डबा कानाशी धरतो आणि ‘चिवडा’ म्हणतो. बहुतेक वेळा बरोबर असतो.

आता आवाजाचं. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला आवाजाची मर्यादा ९० डेसिबल धरतात. त्यावर गेलं की कामगाराच्या कानाला संरक्षण द्यावं लागतं. फटाक्याला १९९९ च्या नियमाने चार मीटर अंतरावर १२५ डेसिबलपर्यंत मुभा आहे. क्षणाचा धमाका आणि आठ तासांचा आवाज यांची थेट तुलना होत नाही, हे मला कळतं. पण डेसिबलचं माप असं आहे, की दहाने वाढलं की आवाजाची ऊर्जा दहापट होते. मोठ्या माणसाच्या कानाची आम्ही कंपनीत जी काळजी घेतली, ती या मुलाच्या कानाची घ्यायला नको?

प्रेस शॉपमध्ये आम्ही वापरायचो तसले इअरमफ भोसरी-चिंचवडच्या सेफ्टीच्या दुकानांत मिळतात. मोठ्यांचा पट्टा लहान डोक्यावर ढिला बसतो आणि आवाज आत शिरतो, तेव्हा लहान मापाचाच मागून घ्यावा. तो आवाजाच्या आधी चढवायचा. मूल बिथरल्यावर कानाला हातही लावू देत नाही. महिनाभर आधीपासून घरात थोडा थोडा वेळ घालून सवय करावी. दिवसभर मात्र घालून ठेवायचा नाही, असं मॅडमनी बजावलंय. कान शांततेला सरावले तर साधा आवाजही जास्त टोचतो. आणि रस्त्यावर हॉर्न ऐकू यायला हवा, तिथे मफ गळ्यात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीला मफ पुरे पडत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिवाळीच्या फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. प्रत्यक्षात पहाटेपासून काय चालतं ते आपण ऐकतोच. म्हणून आम्ही पूजा दिवेलागणीला उरकतो आणि मेव्हण्याच्या वस्तीवर जाऊन राहतो. दिवाळीत कंपन्यांना सुट्टी असते, एरवी तासन् तास तुंबणारा चाकणचा रस्ता मोकळा मिळतो. ज्यांना गाव जवळ नाही त्यांनी निदान शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, हात जोडून, आवाजाचे फटाके किती वाजता लावणार ते विचारावं. वेळ माहीत असली की मुलाची तयारी करता येते. आमच्या मजल्यावरच्या लोकांनी एकदा कारण समजल्यावर सुतळी बॉम्ब मैदानावर नेऊन लावले. सांगितल्याशिवाय कुणाला कळणार?

या शहराकडून मला थोडं हवं आहे. मोरवाडीत महापालिकेचं दिव्यांग भवन आहे, जानेवारी २०२५ मध्ये ऑटो क्लस्टरला ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा महोत्सवही झाला. ते चांगलंच. आता प्रभागातल्या बागांकडे यावं. आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यासाठी (सीएसआर) खर्च करावी लागते; एवढा मोठा औद्योगिक पट्टा आपल्या उशाशी आहे. एक दिवस येऊन खाऊ वाटून फोटो काढण्यापेक्षा तो पैसा बागेत मुरावा. उद्यान विभागाला आणि कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांना मी अर्ज दिलेत, त्यातला मजकूर इथे देतो, ज्याला हवा त्याने उतरवून घ्यावा: पाठीला आधार आणि कमरेला पट्टा असलेला एक झोपाळा; तारेच्या कुंपणाआड, झाडाखाली, स्पीकरपासून लांब एक बाक; मुलांना खणता येईल असा मातीचा वाफा आणि शेजारी नळ; आठवड्यातून दोन सकाळी, सात ते नऊ, बागेत ध्वनिक्षेपक बंद; आणि ही वेळ मराठीत लिहिलेला फलक फाटकावर, सुरक्षारक्षकालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.